एकच, आणि डावा

बसमावशीने आयुष्यात कधीही "माझे गुडघे दुखतात" असं म्हटलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जो घोळ झाला तो सगळा ह्या एका वाक्याने केला, आणि ते वाक्य तिचं नव्हतंच. ते आधी तिच्या नवऱ्याचं होतं. मग शाळेतल्या साहेबांचं झालं, डॉक्टरांचं झालं, नणंदेचं झालं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून ते तिच्या गळ्यात बांधलं. तिचं म्हणणं अगदी साधं होतं. एक गुडघा. डावा. दुखतो थोडाफार, पण मुख्य म्हणजे अडकतो.

ती शाळेची बस चालवायची. बस जुनी, गियरची, क्लच इतका कडक की नवा ड्रायव्हर पहिल्या दिवशी पाय चोळत घरी जायचा. मुलं तिला बसमावशी म्हणायची, मग मुलांचे आईबाप म्हणायला लागले, मग गल्लीतला दूधवालासुद्धा. बाई स्टिअरिंगला बसलेली बघून सुरुवातीला ज्यांनी नाकं मुरडली होती, तेच आता म्हणायचे, "बसमावशी आहे ना, मग आम्ही निर्धास्त." हे काही तिला कोणी बक्षीस दिलं नव्हतं. वर्षानुवर्षं बसवर ओरखडा न पडू देता तिने ते कमावलं होतं.

नवरा चावीवाला. बाजाराच्या तोंडाशी त्याचं टपरीएवढं दुकान, त्यात कुलपं दुरुस्त करायची आणि चाव्या घासून द्यायच्या. माणूस सोन्यासारखा, बायकोवर जीव टाकणारा. खोड एकच, तोंडाला विश्रांती नाही. त्यातून बायकोच्या वतीने बोलायचं म्हणजे तर त्याला आपण तिची सेवाच करतोय असं वाटायचं. चहाच्या दुकानात "हिला साखर कमी", कापडाच्या दुकानात "हिला भडक चालत नाही", लग्नात "ही लवकर जेवते हो". आणि गंमत अशी की बहुतेक वेळा ते बरोबर असायचं. म्हणून तिनेही कधी हटकलं नाही. तिथेच चुकलं.

त्या सकाळी शाळेच्या फाटकाशी बस थांबली होती. एका चिमुरडीची पाण्याची बाटली पायरीवरून निसटली आणि चाकाखाली गेली, आणि ती पोरगी वाकून हात घालायला निघाली. बसमावशीने ते आरशात बघितलं आणि घाईघाईने खाली उतरली. डावा पाय गटाराच्या जाळीच्या फटीत बसला आणि अंग मात्र वळलं पोरीकडे. गुडघ्याच्या आत कट्ट झालं. तिने पोरीला धरून बाजूला केलं, बाटली काढून दिली, वर चढून बस चालवत डेपोत नेली. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला. मग सूज उतरली, आणि तिलाही वाटलं, झालं, गेलं.

गेलं कसलं. थोड्या दिवसांनी तो अडकायला लागला. जमिनीवरून उठताना, न्हाणीघरात, कधी झोपेत कूस बदलताना. पाय अर्धा वाकलेला असायचा आणि सरळ व्हायचाच नाही, आत कोणीतरी खुंटी मारल्यासारखा. मग ती पाय हळूहळू इकडेतिकडे हलवायची, एका बाजूला जरासा पिळायची, आतून टक् व्हायचं आणि गुडघा सुटायचा. सुटला की पुन्हा चालायला मोकळी. बघणाऱ्याला वाटावं, बाईला काही झालेलंच नाही.

आणि एके दिवशी तो सिग्नलला अडकला. बस भरलेली. उजवा पाय ब्रेकवर, डाव्याने क्लच दाबायचा, आणि डावा पाय पुढे जाईना. बस गचके देत बंद पडली. कोणाला काही लागलं नाही, मुलांना तर मजाच वाटली, "पुन्हा करा ना मावशी" म्हणाली.  मावशीने मात्र हॅन्डब्रेक ओढला, मदतनीस बाईला दुसरी बस मागवायला सांगितलं आणि त्याच दिवशी स्वतःहून गाड्यांच्या साहेबांसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "माझा पाय बरा होईपर्यंत मुलांना घेऊन मी बस चालवणार नाही."

दुसरं कोणी असतं तर झाकून ठेवलं असतं. साहेबांनी तिची पाठ थोपटली, तिच्या जागी तात्पुरता एक ड्रायव्हर आणला आणि तिला फाटकावर मुलांच्या रांगा लावायला उभं केलं. वर म्हणाले, "शाळेचं नवीन वर्ष सुरू व्हायच्या आत डॉक्टरांनी 'चालवा' म्हटलं तर बस तुमची. नाहीतर मला ह्यालाच कायम करावं लागेल. मावशी, आता तुमचंही वय झालं, गुडघे दुखायचेच." तिने कपाळाला हात लावला. साहेबांना गुडघे दुखतात हे सांगितलं कोणी? कोणी म्हणजे काय, आदल्या संध्याकाळी चावीवाल्याने काळजीपोटी फोन केला होता.

मग निघाली वरात डॉक्टरांकडे. आधी गल्लीतले नेहमीचे डॉक्टर. बाहेर रांग, आत पंखा आणि खोकला. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?" तिने तोंड उघडलं आणि उत्तर आलं शेजारच्या खुर्चीतून.

"हिचे गुडघे दुखतात हो डॉक्टर. आमच्या आईचेही दुखायचे. ताईचेही दुखतात."

जणू काही गुडघे सासूकडून सुनेला वारशात मिळतात. डॉक्टरांनी मान डोलावली.

"एकच गुडघा," ती म्हणाली. "डावा. आणि अडकतो."

"हां, आखडतात. सकाळी उठल्या उठल्या ना?"

"आखडत नाही. अडकतो."

"तेच ते," चावीवाला म्हणाला.

आता तेच ते कसं, हे कोणीतरी सांगावं. आखडलेलं अंग चार पावलं चाललं की मोकळं होतं. अडकलेलं दार चार वेळा ढकललं तर जास्तच अडकतं. एकदोन अक्षरांचा फरक आहे, मान्य, पण तेवढ्या फरकावर बाईची बस अडली होती. आणि कोणी म्हणावं "तेच ते"? ज्याचं सगळं आयुष्य अडकलेली कुलपं सोडवण्यात गेलं, त्याने.

"पडला होतात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"पडले नाही, पण पाय जाळीत..."

"पडली नाही हो," चावीवाला म्हणाला, "पडली असती तर आम्हाला कळलं नसतं का?"

डॉक्टरांनी वेदना कमी करणाऱ्या गोळ्या दिल्या, वजनाबद्दल चार शब्द सुनावले आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला. गुडघ्यावरची साडी इंचभरसुद्धा वर झाली नाही. सगळं बोलणं टेबलाच्या वरच झालं, आणि गुडघा बिचारा टेबलाखाली राहिला.

गोळ्यांनी दुखणं कमी झालं, अडकणं राहिलं. मग मोठ्या इस्पितळात हाडांचे मोठे डॉक्टर. ह्यांनी दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे काढायला लावले. का, तर चिठ्ठीवर लिहिलं होतं, गुडघे. एक्स-रे दिव्यासमोर धरून ते म्हणाले, "थोडी झीज आहे. तुमच्या वयात एवढी असतेच. काळजी करू नका." एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, गुडघ्यातली मऊ गादी दिसत नाही. हे त्यांना माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? नक्कीच माहीत होतं. पण गादीची आठवण व्हायला समोरच्या माणसाने "अडकतो" म्हणावं लागतं, आणि समोरचा माणूस सांगत होता, "आखडतात हो, जिना चढताना फार." मागून तिने म्हटलं, "अडकतो, साहेब." डॉक्टर तेव्हा गुडघ्याच्या पट्ट्याचं नाव लिहीत होते. पट्टा मिळाला, आणि व्यायामाचा कागद मिळाला. व्यायाम कसला, तर खुर्चीवरून उठाबशा.

ज्या गुडघ्यात काहीतरी फाटून मध्ये आलेलं आहे, त्याला उठाबशा. बाईने त्या निमूटपणे काढल्या, कारण तिला बस हवी होती. प्रत्येक उठाबशीला आत काहीतरी चिरडल्यासारखं व्हायचं. तिने ते सांगितलं तेव्हा नणंद म्हणाली, "अगं, सुरुवातीला दुखतंच. मला बघ, तेलाने किती फरक पडला." नणंद रोज येऊन दोन्ही गुडघ्यांना तेल चोळायची. उजव्याला का, विचारलं तर म्हणायची, "म्हणजे तो पण नको सुरू व्हायला." मनाने सगळी चांगली. ह्या सगळ्या प्रकरणात वाईट माणूस औषधालाही सापडत नाही, ह्याचाच तर संताप येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

ह्या सगळ्यात हिवाळा गेला. फाटकावर उभं राहून ती आपली बस येताना-जाताना बघायची. तात्पुरता ड्रायव्हर वळणावर गियर चुकवायचा, ते तिला लांबून आवाजावरून कळायचं आणि दात शिवशिवायचे. मुलं खिडकीतून हात हलवायची. ती चिमुरडी एकदा म्हणाली, "मावशी, तू म्हातारी झालीस म्हणून चालवत नाहीस ना?" पोरीने घरी ऐकलेलं बोलून दाखवलं, तिचा काय दोष. पण त्या दिवशी बसमावशी डब्यातलं काही न खाता घरी आली.

मग एक दुपार आली. शाळा सुटल्यावर ती दुकानात चावीवाल्याला डबा द्यायला गेली आणि स्टुलावर टेकली. एक गिऱ्हाईक आलं, काउंटरवर कुलूप ठेवून म्हणालं, "खराब झालंय."

"खराब म्हणजे नेमकं काय?" चावीवाला म्हणाला. "चावी आत जात नाही? की जाते पण फिरत नाही? की फिरते आणि मध्येच अडकते?"

"अडकते. जरा हलवलं की सुटते."

"कधीपासून? हातातून पडलं होतं का? की जोर लावून पिळलं होतं?"

"पिळलं होतं खरं."

"मग आतलं पान सरकलंय, ती पातळ पट्टी असते ना, ती. बाहेरून तेल ओतून उपयोग नाही, उघडायला लागेल. आणि जोर करून वापरू नका, नाहीतर आहे तेही तुटेल."

गिऱ्हाईक कुलूप ठेवून गेलं. ती उठायला गेली आणि गुडघा अडकला. अर्धा वाकलेला, ना खाली ना वर. चावीवाला धावत आला आणि म्हणाला, "काय गं, आखडला?"

मग मात्र तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तळपाय जमिनीला टेकत नव्हता तरी गेली. तिने एका हाताने काउंटर धरला आणि इतकी वर्षं साठलेलं सगळं त्या दोन हाताच्या दुकानात ओतलं.

"लोखंडाच्या तुकड्याला एवढं विचारता तुम्ही. कधीपासून, कसं, पिळलं का, पडलं का. मला एकदा तरी विचारलंत? मी ओरडून सांगतेय अडकतो, आणि तुम्ही सगळ्यांना सांगत फिरताय आखडतात. माझा एक गुडघा, त्याचे तुम्ही दोन केलेत. माझ्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आत तुमचा तयार असतो. माझी बस चाललीय हातची, अहो. कशामुळे, तर तुम्हाला गप्प बसवत नाही म्हणून."

रस्त्यावरचे दोघेतिघे थबकले आणि उगीच चपलांकडे बघत पुढे गेले. चावीवाल्याचं तोंड उघडं राहिलं होतं, पण आतून काही येईना. ते दृश्यही त्या दुकानाने पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि विचारलं, "काय होतं? सांग." आणि मग त्याने ऐकलं. जाळी, कट्ट, सूज, पिळल्यावर सुटणारा टक्, सगळं. ती बोलत होती तसा तो काउंटरवरच्या कुलपाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "आणि आम्ही बाहेरून तेल चोळत बसलो."

पुन्हा मोठं इस्पितळ, तीच खोली, तेच डॉक्टर. त्यांना ती आठवत नव्हती. चावीवाला आत आला, पण ओठ मिटून, हात मांडीवर दाबून बसला. तिने वाक्य घरून घोटून आणलं होतं.

"एकच गुडघा. डावा. आखडत नाही, अडकतो. अर्धा वाकलेला राहतो, सरळ होत नाही, पिळला की सुटतो. त्याआधी पाय जाळीत अडकून गुडघा पिळला होता आणि आत कट्ट झालं होतं."

डॉक्टरांचं पेन थांबलं. पहिल्यांदा ते खुर्चीतून उठले. तिला टेबलावर निजवलं, एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्याने टाच धरली, पाय पूर्ण वाकवला, पावलाला पीळ दिला आणि सावकाश सरळ करत आणला. एका ठिकाणी टक् झालं. तिला कळलं, त्यांच्या तळहातालाही कळलं. सगळी तपासणी व्हायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. एवढंच होतं, बघा. एवढ्यासाठी हिवाळा घालवला.

"एमआरआय करून घेऊ," ते म्हणाले, "पण मला दिसतंय काय ते. आतली गादी फाटलीय. फाटलेली कड दुमडून सांध्यात येते आणि पाचर बसते." त्यांनी ते नीट, न कंटाळता समजावलं. माणूस हुशार होता. हात लावला तेव्हा हुशार होता.

एमआरआयने तेच सांगितलं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, गुडघ्याला दोन बारीक छेद. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी येऊन म्हणाले, "पाय आता अडकणार नाही. नीट व्यायाम केलात तर बसही चालवाल. फक्त एक सांगतो. गादी शिवता आली असती तर फार बरं झालं असतं, पण कड पार कुरतडून गेली होती, तो तुकडा काढावाच लागला. गादी कमी झाली की पुढेमागे त्या गुडघ्याची झीज लवकर होणार. जरा आधी यायला हवं होतं तुम्ही."

"आले होते," ती म्हणाली.

"कुठे?"

"इथेच. तुमच्याकडे. तुम्ही उठाबशा दिल्या होत्या."

डॉक्टरांनी खाटेला लावलेले कागद चाळले. जुना कागद सापडला, त्यांचंच अक्षर. ते हळूच म्हणाले, "गुडघे दुखतात, असं सांगितलं होतं तुम्ही."

"मी नाही."

 चावीवाला खिडकीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. डॉक्टर म्हणाले, "मी तेव्हा हात लावून बघायला हवं होतं," आणि हे त्यांनी म्हटलं, हे त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं. पण म्हणून गादी परत येते थोडीच. जी झीज तिला तेव्हा नावापुरतीच होती, आणि जी सगळ्यांनी मिळून तिच्यावर लादली, ती आता खरोखर होणार होती. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा आधी भोगली, आणि गुन्हा मागून येणार. ह्याला न्याय म्हणतात का? तिने तोंड भिंतीकडे वळवलं आणि पोटभर रडून घेतलं.

रडून झालं तशी ती व्यायामाला लागली. व्यायाम शिकवणारी मुलगी तिची लेक शोभेल एवढी, पण पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मावशी, तुम्हाला ह्या पायाने काय करायचंय?" मावशी म्हणाली, "क्लच दाबायचाय." त्या मुलीने भिंतीशी एक कडक स्प्रिंग बसवून घेतली आणि तिच्याकडून तेच करून घेतलं, बसून, पाय पुढे, सावकाश, पुन्हा. मांडी वाळून काठी झाली होती, ती हळूहळू भरली. चावीवाला डबा घेऊन यायचा, कोपऱ्यात बसायचा, आणि मुलीने "आज कसं वाटतंय?" विचारलं की जीभ दाताखाली धरायचा. कधीकधी सुटायची जीभ. मग बसमावशी नुसतं बघायची आणि तो पाण्याची बाटली शोधायला लागायचा.

नवीन वर्ष सुरू व्हायच्या तोंडावर शेवटची तपासणी झाली. डॉक्टरांनी पाय वाकवला, पिळला, सरळ केला, उजव्याशी ताडून बघितला आणि म्हणाले, "चालवा." साहेबांना द्यायची चिठ्ठी तिने घडी करून पदरात बांधली, हरवायला नको म्हणून. बाहेर बाकांवर गर्दी होती. चावीवाल्याला कधी एकदा साहेबांना फोन करतोय असं झालं होतं, त्याने मोबाइल काढलाही. तिने तो त्याच्या हातातून घेतला आणि म्हणाली, "मी करते."

ती नंबर लावतच होती, तेवढ्यात शेजारच्या बाकावरचा तरुण नर्सला सांगताना ऐकू आला, "आईला दाखवायचंय. गुडघे दुखतात." त्याच्या बाजूला एक म्हातारी अंग चोरून बसली होती, दोन्ही गुडघ्यांना पट्टे.

बसमावशीने फोन खाली केला. पुढे वाकून तिने म्हातारीला विचारलं, "आजी, कुठला दुखतो?"

म्हातारीने आधी मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "दोन्ही."

"मी आजींना विचारलं."

म्हातारी इकडेतिकडे बघत राहिली. मग तिने हात उचलला, तो गुडघ्यांवरून तसाच वर नेला आणि उजव्या जांघेशी ठेवला. "इथे गं," ती हळूच म्हणाली. "गुडघ्यात नाहीच. पण सगळे गुडघे म्हणतात."

नर्सने आत यायची खूण केली. मुलगा आईचा दंड धरून उठला. तेवढ्यात चावीवाला पुढे झाला, त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही आईंना आत बसवा आणि या बाहेर. आपण दोघं इथे थांबू."